पायावरून माणूस ओळखणारे व्याही

माझ्या व्याह्यांइतका थंड माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण हे मी लिहून देतो आणि खाली सहीही करतो. माझ्या पोराचे ते सासरे. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. जवानीत ते कबड्डीत चढाईला जायचे, आणि आर्णीपासून ढाणकीपर्यंत जिथं जिथं चुन्याच्या रेघा पडत तिथं तिथं त्यांचं नाव निघे. हे मी कौतुकानं सांगत नाही. मी त्यांच्याविरुद्ध डाव्या कोपऱ्याला खेळलेला माणूस आहे.

सामन्याआधी बाकीचे गडी फेऱ्या मारत, मांड्या चोळत, दहादा आडोशाला जाऊन येत. हे निंबाखाली दुपट्ट्याची उशी करून घोरत. एकदा त्यांच्याच गावचे लोक त्यांना उठवायचं विसरले आणि सहा जणांवर खेळ सुरू झाला. मध्यंतरात यांना जाग आली. आधी तोंड धुतलं, चूळ भरली, मग विचारलं, "कितीनं मागं हावो?" कोणीतरी म्हणालं, अकरानं. "मंग हाय अजून वेळ," म्हणाले आणि पुन्हा पाणी प्यायले. आणि जिंकले. ते जिंकत, हाच तर त्रास होता.

आमच्या गावच्या मैदानावर गुण बरोबरीत असताना शेवटची चढाई त्यांची आली. सारं गाव माना ताणून उभं. हे मध्यरेषेवर आले, खाली पाहिलं आणि शांतपणे मला विचारलं, "दादा, तूर सोंगून झाली काय तुमची?" आता कोणी विचारलं तर सांगावं लागतं, आपण काही जनावर नाही. "अर्धी राह्यली," एवढं माझ्या तोंडातून निघेपर्यंत हा माणूस कबड्डी कबड्डी करत आत येऊन, हात लावून परतही गेला होता. पंचानं बोट वर केलं. तो हात माझ्या अंगाला लागला नव्हता, चड्डीला लागला होता. चड्डीला लागलेला हात धरत नाहीत असं माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे. चार जणांनी मला नियमाचं पुस्तक आणून दाखवलं. पुस्तक चुकीचं आहे.

पुढं कितीतरी वर्षांनी पोरासाठी मुलगी पाहायला पुसदकडं गेलतो. जयभीम झाला, चहा आला. मुलीच्या बापानं मान वर केलीच नाही. माझ्या पायांकडं पाहत म्हणाले, "तुम्ही डाव्या कोपऱ्याले खेळत होते. आंगठा तोच हाय."

"अन् माझं तोंड?"

"ते तं आज पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

तेव्हा त्यांनी मला आपली विद्या सांगितली. "सात जणं समोर दिसले का माणूस भेते. मी सात जणं पाहतच नव्हतो. तोंडावर कोणीबी कायबी आणते, आंगठ्याले ते जमत नाही. झडप घालाच्या आधी तो मातीत रुतते. तेवढा पाह्यला का झालं." ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की लग्नाच्या पंगतीत वाढतानाही ते पाय पाहत, आणि एका पाहुण्याला त्यांनी पायावरूनच ओळखून विचारलं, "बाप्पा, मघाच्या पंगतीत तुम्हीच होते ना?" पाहुणा वरणभात तसाच ठेवून उठला. घरचं एवढं लग्न अंगावर असून यांचा आवाज काही चढला नाही.

तर आमच्या दोघांची नात प्राची. नववीत होती तेव्हाची गोष्ट. कबड्डी खेळते, पाय चपळ, पण भरल्या मैदानात मध्यरेषेवर तिचा दम तुटायचा. दोनदा कबड्डी म्हटलं की आवाजच बसायचा. माझ्या पोरानं सांगून टाकलं की यंदा पुसदच्या सामन्यातून विभागाच्या संघात नाव आलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी दहावी आहे, खेळ बंद. मीही मान डोलावली. पोरगी त्या दिवशी जेवली नाही.

मग मीच तिला शिकवायला लागलो. रोज सकाळी अंगणात उभा राहून ओरडत असे, "भेऊ नको!" इवाई एकदा आले, खाटेवर बसून पाहिलं आणि म्हणाले, "पोरगी भेवाचं विसरली होती, तुम्ही आठवण देऊन राह्यले." मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

पुसदला सामना सुरू व्हायच्या आधी बाकीच्या पोरींना त्यांचे सर प्रेशर घेऊ नका, प्रेशर घेऊ नका म्हणून सांगत होते. इवायांनी नातीला बाजूला बसवलं.

"डब्यात काय आणलं ओ बाई?"

"वांग्याची भाजी, आबा."

"देठ ठेवले का काढले तुह्या मायनं?"

"ठेवले."

"मंग मले ठेवजो एक."

पोरगी हसत मैदानात गेली. हेही मला पटलं नाही.

शेवटची चढाई तिची आली तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो. पोरीनं रेघ ओलांडली. मी इवायांना काही सांगायला वळलो तर खुर्ची रिकामी. तिकडं तिनं एकीला हात लावला, पण चौघींनी तिला खाली घेतलं. त्या ढिगाखालून कबड्डी कबड्डी ऐकू येत होतं, शिट्टी वाजेपर्यंत येत होतं. तिचा हात रेघेपासून चार बोटं मागं राहिला. आम्ही हरलो. संध्याकाळी निवडीची यादी वाचली, तीत तिचं नाव नव्हतं.

इवाई मला शाळेमागं पाण्याच्या टाकीजवळ सापडले. जमिनीवर बसले होते, खाल्लेलं सगळं बाहेर पडलं होतं. मी पाणी दिलं.

"पाहवलं नाही," ते म्हणाले. "आत असलो का मले कायी होत नव्हतं, इवाई. भाइर उभं राहाचं मी कधी शिकलोच नाही. काय झालं तिचं?"

"हरली. नाव नाही. पण दम नाही तुटला."

ते उठले, तोंड पुसलं आणि सरळ माझ्या पोरासमोर जाऊन उभे राहिले. पोरीचा बाप आमच्याकडं जवायापुढं वाकतो, पण हा माणूस इतक्या वर्षांत काही मागायला आला नव्हता. त्यांनी हात जोडले. "जवाईबापू, एक वर्ष खेळू द्या तिले," म्हणताना त्यांचा आवाज फाटला. पोरानं माझ्याकडं पाहिलं. मला त्या माणसाचं एकही म्हणणं आजवर पटलेलं नाही.

"खेळू दे," मी म्हणालो.

"बाबा, तुम्हीच तं नाही म्हणत होते."

"म्हणत होतो. आता हे म्हणून राह्यलो."

आता पोरगी दहावीत आहे. सकाळी अभ्यास करते, संध्याकाळी अंगणात खेळते. इवाई रविवारी येतात. एसटीतून उतरताना दांडा धरून उभे राहतात, कंडक्टर घाई करतो तरी हलत नाहीत. त्यांना दमा लागला आहे आणि माझे गुडघे गेले आहेत. आम्ही खाटेवर बसून राहतो. ती खेळता खेळता थांबून विचारते, "आबा, इथून परत फिरू का अजून एक पाऊल आत जाऊ?" त्यांना बोलायच्या आधी श्वास गोळा करावा लागतो. तेवढा वेळ ती तशीच उभी राहते. मला उत्तर येत असतं, पण मी मध्ये बोलत नाही.