बारा डब्यांतली ज्वारी

प्रयोगवहीत आकडेच लिहायचे असतात. त्यामुळे आकड्यांच्या आजूबाजूला जे घडतं ते मनात साठत जातं आणि चार मैत्रिणी जमल्या की बाहेर पडतं. परळच्या कॉलेजात मी एम.एस्सी.साठी ज्वारी वाढवत होते, त्या वर्षाचं माझ्याकडे असं बरंच शिल्लक आहे. विषय असा: ज्वारीच्या पानांवर हार्मोन फवारलं, तर त्यांतून जास्त पाणी उडून जातं का? आणि गिरगावात वडिलांनी बजावलेलं, "यंदा प्रबंध मंजूर झाला तर ठीक, नाहीतर शिक्षण बंद. स्थळं थांबत नाहीत."

*

आधी कोबाल्टचा कागद. कोरडा असला की निळा, ओल लागली की गुलाबी. तो पानाला लावायचा आणि रंग किती वेळात बदलतो ते बघायचं. माझा कागद बरणीतून काढून पानापर्यंत नेईतोच गुलाबी व्हायचा. घाबरत घाबरत माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवला.

सर म्हणाले, "पानाने काय सोडलं ते मागाहून. आधी अरबी समुद्राने काय सोडलं ते वजा करा."

*

मग वजनाची पद्धत. वनस्पती तुपाच्या बारा रिकाम्या डब्यांत ज्वारी लावली आणि माती मेणकापडाने झाकली. म्हणजे डब्याचं वजन घटेल तेवढं पाणी पानांतून गेलं. एकाआड एक, सहा डबे फवारलेले, सहा साधे. रोज दोनदा वजन घ्यायचं. पण शेजारच्या मिलचा भोंगा झाला की मी दचकायची आणि चिमट्यातलं वजन ज्वारीत पडायचं.

तिसऱ्या वेळी सर म्हणाले, "कुमुद, ज्वारीला हार्मोन देतोय, तुम्हाला ब्राह्मी द्यायला हवी."

*

कॉलेजात फ्रीज नव्हता, म्हणून द्रावण दादरला सरांच्या घरी असायचं. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे. एका सकाळी ते घेऊन येताना हवालदाराने माझी पिशवी उघडली. आत अत्तराच्या फवाऱ्यात भरलेलं द्रावण.

"हे काय, अ‍ॅसिड?"

"हार्मोन," मी म्हणाले. "ज्वारीचं. म्हणजे, ज्वारीसाठी. वाढीचं."

खात्री पटावी म्हणून मी ते माझ्याच हातावर फवारलं. त्याने आधी हात पाहिला, मग मला वरपासून खालपर्यंत. मी चार फूट दहा इंच.

"तुमच्यावर काही चाललेलं दिसत नाही," तो म्हणाला आणि जाऊ दिलं.

*

शेवटच्या आठवड्यात तीन दिवस करफ्यू लागला. घरात बसून मी रडून घेतलं. ज्वारी गेली, वर्ष गेलं. चौथ्या दिवशी लॅबमध्ये गेले तर टेबल रिकामं.

"बाय, डबे घरी आसत," लॅबचे शिपाई सावळाराम म्हणाले. करफ्यूच्या आधीच त्यांनी बाराही डबे हातगाडीवरून लालबागला आपल्या चाळीत नेले होते. खालच्या वाण्याचा तराजू वर आणून दोन्ही वेळची वजनंही घेतली होती, शेर-तोळ्यांत. सरांनी सगळ्याचे ग्रॅम केले. फवारलेल्या डब्यांतून खरोखरच पाणी जास्त गेलं होतं. फक्त सातव्या डब्यापुढची जागा कोरी.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांचं बोट नेमकं तिथे थांबलं.

"बारा डबे, अकरा आकडे. ही जागा भरल्याशिवाय मी सही करणार नाही."

एखादा आकडा ठोकून द्यावा, असं क्षणभर वाटलं. पण तोंडातून निघालं, "सर, सातवी ज्वारी चाळीतल्या बकरीने खाल्ली."

त्यांनी कोऱ्या जागेवरचं बोट उचललं. मग म्हणाले, "फवारलेली होती की साधी?"

"फवारलेली."

"बकरीचं वजन घेतलंत?"

मी वही चाळू लागले. दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे असलेले सावळाराम म्हणाले, "घेतलंय सायबानू. पन खाल्ल्यावरचा. आदीचा काय म्हायत नाय."

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. माझ्या इंग्रजी प्रबंधात, सातव्या डब्यापुढे, देवनागरीत 'बकरी' असं लिहिलं आणि खाली सही केली.