एका बाजूने झिजलेली चवली

त्या प्रकरणाला सात वर्षं झाली, तरी माझ्या मनातून ते जात नाही. भाईंदर पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात मी झाडलोट करत होते. साहेब लोक निवृत्त झाल्यावर आपल्या केसेस लिहितात. माझ्याकडे लिहिण्यासारखी ही एकच आहे.

नवघरच्या एका सोसायटीतल्या काकांनी फिर्याद दिली. त्यांना जुनी नाणी जमवण्याचा नाद. आल्बममधली चवली गेली होती. चवली म्हणजे दोन आण्यांचं चांदीचं नाणं, नखाएवढं, वर राजाचा छाप. वॉचमनने खबर दिली, "कामवाली बाई पदराला कायतरी बांधून जाते."

बाईला आणलं. महिला पोलीस बंदोबस्ताला गेल्या होत्या, म्हणून झडतीला साहेबांनी मला बोलावलं. मी पदराची गाठ सोडली. हातात चवली पडली. तिची एक कड चपटी झाली होती. गुटीसाठी सहाणेवर चांदी उगाळली की अशीच झिजते. आमच्या घरी आईचं जोडवं तसंच झिजलेलं होतं. मला तेव्हाच कळलं. पण मी बोलले नाही. काकांनी लांबूनच "हीच" म्हटलं. पंचनामा झाला, पुडीला सील लागलं.

"खरं सांग, लवकर सुटशील," साहेब म्हणाले.

"खरंच सांगतेय साहेब. माझी आजी सुईण होती. तिला बाळंतपणाचे मिळालेले दोन आणे हायेत ते. लेक बाळंत झालीय, गुटीत दोन वेढे द्यायला तिच्याकडं नेत होते."

"राजाने स्वतः येऊन दिली का आजीला?" हवालदार म्हणाले. सगळे हसले.

दोन दिवस तिला सकाळी बोलवायचे, संध्याकाळी सोडायचे. सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो फिरला. सगळ्या घरांची कामं गेली.

तिसऱ्या दिवशी काका साहेबांना सांगत होते, "माझं नाणं नवंकोरं आहे. मी रुमालाशिवाय हात लावत नाही."

मी दारात झाडत होते. तोंडातून निघून गेलं, "साहेब, मग ती ह्यांची नाही."

"तुला काय कळतं गं?"

मी कडेचं सांगितलं. साहेबांनी पंचांसमोर पुडी उघडली, भिंगातून पाहिलं आणि काकांपुढे धरली. "घरी परत शोधतो," म्हणत काका उठले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. त्यांची चवली भिंगाच्या डबीत सापडली होती. "मिटवून टाका," म्हणाले. बाईची माफी मागायला कोणी गेलं नाही.

केस मिटली, पण चवली मुद्देमालात होती. परत हवी तर कोर्टात अर्ज करा, चवली तुमची असल्याचा पुरावा द्या. आजीच्या चवलीची पावती ती कुठून आणणार? चार-पाच खेपा घातल्या, मग यायची थांबली.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी मुद्देमाल खोली झाडली, तेव्हा पुडी तिथेच होती. त्या बाईची नात आता शाळेत जात असेल. तिला गुटी आता कशाला लागेल?

पहिल्याच दिवशी बोलले असते, तर त्या पुडीला सील लागलं नसतं. मोठ्या माणसांपुढे गप्प बसणं म्हणजे चांगुलपणा, असं मी जन्मभर समजत होते. पदराची गाठ सोडायला मला बोलावलं होतं. ती परत बांधून द्यायला कोणी बोलावलं नाही.