बर्फावर वाकणारा सोल

वत्सला उधन्याच्या एका कारखान्यात चपलांचे सोल ओतायच्या मशीनवर होती. माल दिसायला रबर, पण असायचा प्लास्टिकचा. तापवला की वितळायचा, साच्यात गार झाला की लवचीक व्हायचा, आणि बिघडलेला सोल भरडून पुन्हा ओतता यायचा. १९९६च्या उन्हाळ्यात तिने स्वतः ओतलेल्या सोलची पहिली चप्पल नवऱ्यासाठी लिंबायतला घरी नेली, तेव्हा वत्सलाची चाल बघण्यासारखी होती.

नवरा सुकदेव बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा. दुसऱ्याच दिवशी तो लंगडत आला.

"पडनू ना मी! बर्फवर हाऊ सोल लाकूड व्हई गया."

वत्सलाने चप्पल वाकवून पाहिली. मऊसूत! तिचा विश्वासच बसेना.

सकाळी ती हट्टाने त्याच्याबरोबर गेली. सोल दोन लाद्यांच्या मध्ये ठेवला. चहा होईपर्यंत तो इतका ताठ झाला, की दोघांनी जोर लावूनही वाकेना. मग तिने तो बाहेर तापलेल्या पत्र्यावर टाकला. आधी मऊ पडला, आणि ऊन चढल्यावर तर अंगठा दाबला की खळगा पडून तसाच राहायला लागला.

"एकच सोल अन् तीन स्वभाव!" ती ओरडलीच. डब्यात बर्फ आणि सोल भरून तिने उधन्याची रिक्षा पकडली.

तिच्या कारखान्यात माल मिसळणारे जयसुखभाई जेवत होते. "शुं थयुं, वत्सलाबेन?"

तिने डबा त्यांच्यापुढे उघडला. ताठ सोल हातात घेऊन ते हसले. "आत कडक कण असतात, ते मऊ धाग्यांना धरून ठेवतात. थंडीत धागे आखडतात, उन्हात कण ढिले पडतात. मालात तेल वाढवलं तर बर्फावर वाकेल, पण उन्हात आणखी लेचापेचा होईल."

"मग बर्फाचा वेगळा, रस्त्याचा वेगळा करू ना!"

जयसुखभाई हात न धुताच उठले.

पहिला सोल साच्याला चिकटला. दुसरा बर्फावर पुन्हा ताठरला. सगळे भरडून परत मशीनमध्ये. अखेर वेगळा ओळखू यावा म्हणून निळा रंग घातलेला एक सोल लाद्यांमधून निघाला तो वाकतच. सुकदेव तो घालून ओल्या बर्फावरून चक्क पळत गेला, आणि कामगारांनी शिट्ट्या मारल्या.

बर्फात काम करणाऱ्यांसाठी निळ्या चपला विकायला आल्या, पण निळा रंग सगळ्यांनाच आवडला. शेजारची मंदा तसलीच चप्पल घालून भर उन्हात बाजाराला गेली, आणि डांबरावर तिचा सोल भाकरीसारखा पसरला. तेव्हापासून गल्लीत कुणाच्या पायात निळी चप्पल दिसली की वत्सला थांबवून विचारायची, "बर्फात काम करता का हो?"