लिलावात न आलेला मासा

सेतुमाधवराव गेल्याचे मला बसमध्ये कळले. पापनाशमला एका नातलगाकडे सकाळचे कार्य होते. ते आटोपून तंजावूरला परतत होतो. त्याच्या मुलीचा, सरोजाचा फोन आला. "काका, अप्पा गेले," एवढेच ती म्हणाली. दोन्ही बाजूंना भाताची शेते होती, नुकतीच लावणी झालेली. स्टँडवर उतरून घरी न जाता तसाच राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत गेलो. दारात गल्लीतली मराठी घरे जमली होती, त्याच्या कार्यालयातले एकदोन निवृत्त सहकारी होते. समुद्रकाठचे कोणी नव्हते. ते मी पायरी चढतानाच पाहिले.

त्याला काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी चांगलेच लिहावे असा रिवाज आहे. सेतूला तो पटला नसता. त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या हातून झालेली एक चूक आणि ती त्याने कशी निस्तरली, ही होय. तेव्हा तीच लिहितो. तुमच्याकडच्या वाचकांसाठी तुमच्यासारखी मराठी लिहितो आहे. आम्ही दोघे आपसांत बोलत असू ती निम्मी तमिळ असे.

आम्ही एका गल्लीत वाढलो. मी पाटबंधाऱ्यांत गेलो, तो मत्स्यशास्त्रात. त्याच्या घरात कांदासुद्धा वार पाहून चिरत. नोकरीचा कागद आला तेव्हा त्याची आई ओसरीवर बसून म्हणाली, "सगळ्या तंजावुरात तुला मासेच सापडले का रे? दगड मोज, झाडं मोज, माणसं मोज!" सेतू म्हणाला, "माणसं मोजायला आधीच लोक आहेत, अम्मा." पुढे नेम असा ठरला की किनाऱ्यावरून आला की त्याने मागच्या दाराने यायचे, विहिरीवर अंघोळ करायची, मग घरात. लग्नानंतर बायकोने तोच नेम चालवला. त्याने कधी तक्रार केली नाही. मासे त्याने आयुष्यभर हाताळले, चिरले, तोलले. चाखला एकही नाही. हे पुढे महत्त्वाचे ठरले.

त्याचे काम सांगायला हवे. किनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या एखाद्या माशाचा साठा समुद्रात किती उरला आहे, तो वाढतो आहे की आटतो आहे, हे ठरवणे हे ते काम. मी कालव्यांचा माणूस. पाणी दरवाज्यातून जाते, मोजता येते. मी त्याला चिडवत असे, "न दिसणाऱ्या गोष्टींचा हिशेब मांडतोस. तू शास्त्रज्ञ की ज्योतिषी?" तो म्हणे, "ज्योतिषी चुकला तर त्याला कोणी विचारत नाही. मला विचारतात." समुद्रातले मासे मोजता येत नाहीत, किनाऱ्यावर उतरलेले मोजायचे आणि त्यांवरून न उतरलेल्यांविषयी बोलायचे. पहाटे होड्या लागल्या की लिलावाच्या ढिगांतून तो मासे घेई, लांबी मोजी, पोट चिरून मादी आहे का, अंडी धरली आहेत का, हे पाही. अंडी धरलेल्या माद्या किती, केव्हा आणि कोणत्या जाळ्याला लागतात, यावर पुढच्या पिढीचे सारे गणित बसते.

त्याचा मासा म्हणजे बोय. तमिळमध्ये मडवै. खाडीत वाढतो आणि ईशान्येकडचा पाऊस सुरू झाला की अंडी घालायला खाडीच्या मुखातून समुद्रात जातो. तंजावूर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात त्याने बोयीवर कितीतरी वर्षे काम केले. गावाचे नाव लिहीत नाही. का, ते शेवटी कळेल. त्या पावसाळी महिन्यांत लिलावाच्या ढिगांत अंडी धरलेली मादी त्याला जवळजवळ सापडतच नसे. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की पिकलेल्या माद्या दूर, खोल पाण्यातून जात असाव्यात. मुखाशी लावलेल्या जाळ्यांना त्या लागत नाहीत. सबब त्या जाळ्यांपासून साठ्याला धोका नाही. अहवाल गेला. खात्याने मान्य केला. गावाची मुखावरची जाळी बंदीतून वाचली आणि सेतू गावाचा झाला. होडीमालक मुरुगय्यन त्याला 'मडवै सार' म्हणू लागला. पुढे पोरेटोरे तेच म्हणू लागली.

मुरुगय्यनची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा त्याने सेतूला जेवायला बोलावले. सेतू मला घेऊन गेला. आमच्यासाठी वेगळी चूल मांडली होती, वेगळी भांडी होती; आम्हाला ओसरीवर केळीच्या पानावर दहीभात वाढला. मुरुगय्यनची आई पेच्चियम्मा वाढत होती. "दोघे सार, आणि दोघांना मिळून एक मासा पचत नाही," असे म्हणून ती हसली. आत मुलीचे पान मांडले होते. तिच्या भाताशेजारी पिवळ्या, जाड, बोटभर लांब अशा दोन तळलेल्या शेंगांसारख्या वस्तू होत्या. मी ओळखल्या नाहीत; ती माशाच्या पोटातली अंड्यांची पिशवी, गाभोळी, हे मला नंतर कळले. सेतूचा घास हातात राहिला.

"ती गाभोळी कशाची, अम्मा?"

"मडवैची. आणखी कशाची असणार?"

"आजची?"

"कालची कशाला घालीन गरोदर पोरीला?"

"लिलावात तर एकही नव्हती..."

पेच्चियम्मा त्याला धाकट्या भावासारखे 'तंबी' म्हणत असे. "तंबी, अंड्याची मडवै कोणी लिलावाला ठेवतं का? ती होडीतूनच घरी येते. ज्या घरात लेकसून गरोदर, त्या घरी आधी. नसली तर जाळं ओढणाऱ्यांच्या घरी." मग मुलाला हाक मारून म्हणाली, "अरे मुरुगा, तुझ्या सारांना हे ठाऊक नव्हतं म्हणे!" आत बायका हसल्या. कोणी काही लपवले नव्हते. विचारले असते तर कोणीही सांगितले असते. पण विचारायला सुचण्यासाठी ते अन्न कोणाच्या तरी घरी एकदा खाल्लेले असावे लागते. मासे खाणाऱ्या घरातल्या कोणत्याही मुलाने गाभोळी कुठे जाते हे विचारले असते. सेतूला ते सुचले नाही, कारण त्याच्या दृष्टीने मासा लिलावात संपत होता.

परतताना तो म्हणाला, "पिकलेल्या माद्या दुरून जात नाहीत रे. मुखातूनच जातात, आणि तिथेच लागतात. मी फक्त उरलेले मोजत होतो."

मी म्हणालो, "अहवाल मान्य झाला आहे. तुझी निवृत्ती जवळ आली. गाव खूश आहे. गप्प बस." तो सल्ला मला आजही गैर वाटत नाही. पाटबंधाऱ्यांत मी याहून मोठ्या चुका कागदाखाली शांत झोपलेल्या पाहिल्या आहेत. सेतूने मान हलवली. "सरि, ठीक आहे. पण मडवै गप्प बसणार नाही. ती कमी होत जाईल."

पुढचे हंगाम त्याने लिलावाकडे पाठ फिरवून घरांच्या मागच्या दारी काढले. बायका मासे चिरत तिथे तो बसे. गाभोळी मडक्यात जाण्याआधी क्षणभर त्याच्यापुढे ठेवत; तो मोजी, तोली, परत देई. बायकांना त्याची गंमत वाटे. "आमचा जावईसुद्धा इतका वेळ चुलीशी बसत नाही," असे एक जण म्हणाल्याचे त्याने मला हसून सांगितले होते. हिशेब पुन्हा मांडला तेव्हा तो हसला नाही. साठा सुस्थितीत नव्हता. अंडी घालायला निघालेल्या माद्यांतल्या फार थोड्या मुखापलीकडे पोहोचत होत्या, आणि ज्या लागत त्याही आता लहान लहान होत चालल्या होत्या.

नवा अहवाल पाठवण्याआधी तो गावात गेला. मी त्याला अडवले नाही, सोबत मात्र गेलो. मुरुगय्यनच्या ओसरीवर उभे राहूनच त्याने सांगितले: मी चुकलो होतो, मासा आटतो आहे, त्या महिन्यांत मुखावरची जाळी थांबवा असे मी लिहिणार आहे. मुरुगय्यनने पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाला, "सार, आमच्या घरात बसून, आमच्या बायकांच्या मडक्यांत डोकावून आमच्याच चुलीवर पाणी ओतलंत."

"नाही ओतलं तर तुझ्या नातवाला मडवै दिसणार नाही."

"नातू उद्याचा, सार. पोट आजचं. आणि तुमचा कोणता शब्द धरायचा? आधीचा की आताचा?"

सेतूजवळ याचे उत्तर होते, दिले नाही. गाडीत मी कारण विचारले. "त्याचा प्रश्न बरोबर आहे," तो म्हणाला.

बंदी आली. मुखावरच्या लहान जाळ्यांवर आली. बाहेरच्या मोठ्या बोटींना ती लागू नव्हती. सेतूने त्याविरुद्ध लिहिले, पण तोवर तो निवृत्त झाला होता. 'मडवै सार' ही हाक बंद झाली. मागची दारे एकेक करून मिटली. तरी दर पावसाळी हंगामात तो स्वखर्चाने बस पकडून जाई. पेच्चियम्मा त्याला बसू देई. त्याच्याशी बोलत नसे. मोजणे झाले की तो नमस्कार करून निघे.

शेवटचा भेटलो तेव्हा त्याला धाप लागत होती. मी विचारले, "सुधारला का तुझा साठा?"

"अजून सांगता येत नाही. दोन-तीन हंगाम मोठे मासे दिसायला हवेत."

"आणि नाही दिसले तर?"

"मग तोही निष्कर्षच नव्हे. न दिसणं म्हणजे नसणं, असं मी एकदा धरलं होतं."

तेराव्यानंतर मला वाटले, किनाऱ्यावर कोणी कळवले नसेल. सरोजाला विचारले, तिच्याकडे कोणाचा नंबर नव्हता. म्हणून मी गेलो. पाऊस पडून गेला होता, बंदीचे महिने चालू होते. मुरुगय्यन ओसरीवर जाळे सांधत होता. मी सांगितले. त्याने दोरा दातांनी तोडला आणि बराच वेळ तो तुकडा बोटाला गुंडाळत राहिला.

"कळवायचं नाही का, सार? आम्ही काय वैरी होतो?"

त्याने जाळे बाजूला सारले.

"या हंगामाचं काय म्हणाले होते ते? मडवै वाढलीय की नाही?"

"या हंगामाचं मोजायच्या आधीच तो गेला."

तो उठून मला मागच्या अंगणात घेऊन गेला. पेच्चियम्मा आता फार वाकली आहे. ती मासे चिरत बसली होती. मोठ्या बोयी होत्या, पोटे फुगलेल्या, म्हणजे मुखाशीच धरलेल्या. मी त्यांच्याकडे पाहिले, तसा मुरुगय्यनने नजर वळवली. आत त्याची मुलगी पुन्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. मुरुगय्यनने आईच्या कानाशी वाकून बातमी सांगितली. ती रडली नाही. "बसा," मला म्हणाली आणि हातातल्या माशाचे पोट फाडले. गाभोळीचे दोन्ही पदर अखंड बाहेर काढले, पाण्याने धुतले, बाजूच्या धुण्याच्या दगडावर एकाशेजारी एक सरळ मांडले, आणि हात मागे घेतला.

मुरुगय्यन हळू आवाजात म्हणाला, "अम्मा, आता कोण येणार आहे मोजायला?"

"ठाऊक आहे रे मला."

तरी तिने ती थोडा वेळ तशीच राहू दिली. मला मोजता येत नाही. मी नुसता पाहत होतो. मग तिने ती उचलून मडक्यात टाकली, दुसरा मासा घेतला, आणि त्याचीही गाभोळी आधी दगडावरच ठेवली.