लांब जा, अजून लांब

आमच्या वन्सं माझ्या खांद्याला लागतात, तरी सगळं गाव त्यांना लांबआत्या म्हणतं. नवीन माणूस दुकानात शिरून "लांबआत्या कुठे भेटतील?" असं विचारतो आणि टेबलामागून एक छोटंसं डोकं वर येतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. नाव पडलं ते त्यांच्या सवयीमुळे. गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडे चढवून झाले की वन्सं त्याला दुकानाबाहेर काढतात आणि म्हणतात, "लांब जा." बिचारा रस्ता ओलांडतो. "अजून लांब." तो पलीकडच्या नळापाशी जाऊन उभा राहतो. मग या दारात उभ्या राहून, डोळे बारीक करून त्याला न्याहाळतात. जवळून काय, सगळेच चांगले दिसतात, असं त्यांचं म्हणणं. आणि डोंगरातल्या गावात माणूस माणसाला जवळून बघतो तरी किती? वरच्या वळणावरून बघतो, खालच्या पायऱ्यांवरून बघतो, समोरच्या उतारावरून बघतो. आधी कपडे दिसतात, चेहरा मागाहून येतो.

आमचं घरही डोंगराला टेकून बसलेलं. वरच्या रस्त्याने आलात तर थेट माझ्या स्वयंपाकघरात, खालच्या रस्त्याने आलात तर वन्संच्या दुकानात. मधे एक लाकडी जिना आहे, त्याची एक पायरी पाय पडला की कुरकुरते. आमचे हे बस चालवतात, दिवसभर घाटात. त्यामुळे घरात बोलायला मी आणि ऐकायला वन्सं. मी जिन्यात बसून भाजी निवडते आणि बोलते, त्या खाली काजं करतात आणि ऐकतात. माझं नाव त्यांनी बडबडी ठेवलंय. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात ठेवलं, आणि खोटं कशाला बोलू, शोभतं मला.

वन्संनी लग्न केलं नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "जवळून बरे होते गं. नळापाशी उभं केलं की एकही टिकेना."

दुकान जुन्या कपड्यांचं. खालच्या शहरातून गठ्ठे येतात, आमच्या ह्यांच्याच बसच्या टपावरून. गठ्ठा फोडला की डांबरगोळ्यांचा वास वरपर्यंत येतो आणि माझा चहा बिघडतो. वन्सं सगळं गरम पाण्यात धुतात आणि शेगडीवरच्या दोरीवर वाळवतात, कारण बाहेर वाळत घातलं तर ढग येऊन दोरीवर बसतो. मग बाह्या आखूड करायच्या, बटणं बदलायची, कोपर गेलेल्या स्वेटरला मखमलीचं ठिगळ लावायचं, तेही असं की ठिगळासाठीच स्वेटर घ्यावासा वाटेल. भाव इतका कमी की घासाघीस करायची माणसालाच लाज वाटते. पण सुटा कपडा मागितलात तर मिळणार नाही. वन्सं जोड लावून देतात. त्यांचा नियम ठरलेला: एक गप्प, एक बोलका आणि एक आगाऊ. म्हणजे करडी पँट असेल तर ती गप्प. त्यावर निळा स्वेटर, तो बोलका. आणि पायात किंवा गळ्यात एवढंसं काहीतरी लालभडक, तो आगाऊ. "आगाऊ एकच हवा," त्या बजावायच्या. "दोन झाले की घरात भांडण."

मी मात्र त्यांच्याकडून कधी काही घेतलं नाही. माझा एक मातकट स्वेटर होता आणि त्यावर मातकट शाल. धूर दिसत नाही, डाग दिसत नाही, आणखी काय पाहिजे? वन्सं म्हणायच्या, "बडबडे, तू चिखलात पडलीस ना, तर चिखलालाही कळायचं नाही." मी म्हणायचे, "मग धुवायचा त्रास वाचला."

तर गेल्या वर्षी काहीतरी बिनसलं. सुरुवात पोस्टमनपासून झाली. आमचा पोस्टमन इतका लाजाळू की पत्र दाराखालून सरकवायचा आणि पळून जायचा. तो बिचारा साधा कोट घ्यायला आला होता. मी जिन्यातून बघितलं तर वन्संनी त्याला नारिंगी कोट, जांभळी पँट आणि पोपटी मफलर चढवला होता. तीन आगाऊ, एकाच अंगावर!

"वन्सं," मी वरूनच ओरडले, "हा पत्रं वाटायला जाणार आहे की आग विझवायला?"

"तू भाजी निवड," त्या म्हणाल्या.

पोस्टमन कानापर्यंत लाल झाला, म्हणजे आणखी एक रंग वाढला. पण लांबआत्यांनी सांगितलं म्हटल्यावर गेला तसाच. आणि गंमत बघा, तो वरच्या वळणावर दिसला की पार खालपर्यंत लोकांना कळायला लागलं. तो यायच्या आत चहा तयार. दारात माणूस उभं. पळायची सोयच राहिली नाही. महिन्याभरात तो बोलायला लागला आणि आता तर तो गेल्यावर दार लावून घ्यावं लागतं.

मग बेकरीवाल्याला गुलाबी स्वेटर आणि हिरवी टोपी. शाळेच्या हेडबाईंना, ज्यांना करड्याशिवाय कोणी बघितलं नव्हतं, त्यांना लालभडक कोट. काही दिवसांत आमचं गाव बटणांचा डबा सांडल्यासारखं दिसायला लागलं. खालून फिरायला आलेले लोक थांबून फोटो काढायचे. हे घरी येऊन कौतुकाने सांगायचे, "ताईने गावाचं सोनं केलं." मला काही ते पचेना. जी बाई दोन आगाऊ झाले तर झोपत नाही, तिला अचानक झालं काय? आणि दुसरं म्हणजे, 'लांब जा' बंद झालं होतं. आता म्हणायच्या, "इथेच थांबा. जरा मागे. बस्स, छान." मी ऐकत होते, पण बोलण्याच्या नादात डोक्यात शिरलं नाही.

मग मला सर्दी झाली आणि घसा पार बसला. माझा घसा बसणं ही आमच्याकडे बातमी असते. आमचे हे तर त्या दिवशी शीळ घालत कामावर गेले. दुपारी मी बादली घेऊन नळावर गेले. धुकं नव्हतं, चांगलं ऊन होतं. वन्सं दारात आल्या, माझ्याकडे बघितलं आणि गोड हसून म्हणाल्या,

"या ना, आत या. नुसतं बघायचे काही पैसे पडत नाहीत."

मला वाटलं, थट्टा चाललीय. मी हसले.

"थंडी फार आहे, नाही?" त्या म्हणाल्या. "कुठून आलात?"

आलात! इतक्या वर्षांत वन्सं मला कधी अहो-जाहो बोललेल्या नाहीत. रागावल्या तरी नाही, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. बादली तिथेच टाकली, रस्ता ओलांडला आणि वाकून त्यांच्या नाकाला नाक लावून उभी राहिले.

"वन्सं, मी आहे," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

त्यांचं हसू तिथल्या तिथे विरलं. मग दुकानात जाऊन स्टुलावर बसल्या आणि उगाचच बटणं निवडायला लागल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिसतं गं. रंग दिसतो. बाकीचं पुसट झालंय, एवढंच."

"एवढंच?"

"नारिंगी आला की पोस्टमन. गुलाबी म्हणजे बेकरीवाला. लाल दिसलं की हेडबाई, मग मी सरळ बसते."

"म्हणजे तुम्ही अख्ख्या गावाला रंग वाटलेत? ओळखायला?"

"मग काय करू? दुकानात बसून येणाऱ्याला 'तू कोण, तू कोण' विचारत बसू? दुकान चालेल का असं?"

"आणि मी?"

"तू कधी घेतलास माझ्याकडून रंग? तू ओळखू येतेस जिन्यावरून आणि तोंडावरून. आज सकाळपासून दोन्हीकडे शांतता. मला वाटलं, तू घरातच नाहीस."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. घसा धड असता तर काय काय बोलले असते कोण जाणे. दिवसभर मी या बाईच्या डोक्यावर बसून बडबडते, आणि तिला मी दिसतच नव्हते!

ह्यांनी त्यांना बसमध्ये घालून खाली डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करून घ्या, अजून थांबलात तर आहे तेही जाईल. वन्सं ठाम नाही म्हणाल्या. "आत्ता रंग तरी दिसतो. त्या मेल्याने डोळ्यात सुई घातली आणि तोही गेला, तर दुकानाला कुलूप. मग मी काय करू, हिची बडबड ऐकू?" ह्यांनी समजावलं, हेडबाई येऊन गेल्या, पोस्टमनने तर लांबलचक भाषण केलं. बाई ढिम्म.

शेवटी खरं कारण मला एकटीला सांगितलं. "तिथे सगळंच पांढरं गं. भिंती पांढऱ्या, कोट पांढरे, चादरी पांढऱ्या. त्यात माझं माणूस मला कुठे दिसणार? तिथे माझ्या ओळखीचा एकही रंग नाही."

मी सरळ मांडणीपाशी गेले आणि दुकानातला सगळ्यात पिवळा कोट उचलला. असा पिवळा की लिंबानेही तोंड लपवावं. मातकट स्वेटर काढून तो अंगावर चढवला आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मी कोण?"

त्या डोळे बारीक करून बघत राहिल्या. "अगं बाई! बडबडे, तू? पिवळ्यात?"

"असाच घालून येणार तुमच्याबरोबर. दाराबाहेर उभी राहीन. डोळा उघडला की आधी पिवळं शोधा. पिवळं दिसलं की समजा, आपलं माणूस आहे."

त्यांनी हात पुढे करून बाही चाचपली. कितीतरी वेळ ती सोडेचनात.

"हा मी बेकरीवाल्याच्या बायकोसाठी ठेवला होता," त्या म्हणाल्या.

"तिला दुसरा शोधा."

"बरं. मग याच्याबरोबर गप्प काय घालणार आहेस? तू स्वतः तर गप्प बसणार नाहीस." एवढं म्हणाल्या, आणि मला कळलं की बाई तयार झाली.

हॉस्पिटलात सगळे माझ्याकडे वळून वळून बघत होते. एका नर्सने विचारलं, "कसली जाहिरात करताय का?" मी म्हटलं, "हो, आमच्या नणंदेची." वरवर टेचात होते, पण आतून मला फार भीती वाटत होती. उद्या पट्टी निघाली आणि यांनी मला पुन्हा "कुठून आलात?" विचारलं तर? रात्रभर झोप नाही, कोटाची बटणं पिळत बसले.

सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. समोर अक्षरांचा तक्ता होता. "आजी, वरची ओळ वाचा बघू."

वन्संनी तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मान इकडून तिकडे फिरवली, पिवळ्यावर येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "लांब जा."

मी दारापाशी गेले.

"अजून लांब."

मी बाहेर पडले आणि व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले. मधून दोन ट्रॉल्या गेल्या.

"खालून दुसरं बटण लोंबतंय!" वन्संचा आवाज अख्ख्या व्हरांड्यात घुमला. "माझ्या दुकानातला कोट आहे तो. चारचौघांत अब्रू घालवतेस?"

मी तिथेच मटकन बसले आणि रडत रडत हसत सुटले. डॉक्टरांनी तक्ता गुंडाळून ठेवला.

परत आलो तेव्हा बस थांब्यावर गाव जमलं होतं. वन्सं बसच्या पायरीवरच थबकल्या. नारिंगी, जांभळा, पोपटी, गुलाबी, सगळं लख्ख उन्हात, आणि आता सगळं अगदी स्पष्ट.

"हे... हे मी केलं?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

"नारिंगीवर जांभळी? आणि कोणी मला अडवलं नाही?"

"मी जिन्यातून ओरडले होते."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि पोस्टमनला दुकानात बोलावलं. चांगली करडी पँट देते, पैसे देऊ नकोस, म्हणाल्या. पोस्टमन दोन पावलं मागे सरला. "आत्या, कोट मागू नका, पँट मागू नका. तुमच्या करड्यात मला परत चहाला कोण बोलावणार?" बेकरीवाल्याने टोपी दोन्ही हातांनी धरून ठेवली. हेडबाई म्हणाल्या की लाल कोट घातल्यापासून पोरं आपण होऊन रांग लावतात. वन्सं एकेकाकडे बघत राहिल्या आणि खदखदून हसल्या. त्या दिवसापासून गावाचे रंग तसेच आहेत.

मला वाटलं, आता पिवळ्याचं काम झालं. त्यांना सगळं दिसतंय, मी आपली माझ्या मातकटात बरी. वर जाऊन ट्रंक उघडली तर स्वेटर नाही. दोरीवर नाही, खुंटीला नाही. बोंबलत खाली आले. वन्सं स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर चिखलाच्या रंगाचा भलामोठा लोकरीचा गुंडा, आणि हातात माझ्या स्वेटरची शेवटची बाही. भराभर उसवत होत्या.

"अहो! माझा स्वेटर!"

"होता."

"पण का? आता तर दिसतं ना तुम्हाला?"

त्या उसवायच्या थांबल्या. माझ्याकडे नीट, निवांत बघितलं, कपाळापासून पायापर्यंत.

"आज दिसतंय गं," त्या म्हणाल्या. "उद्याचं कोणी सांगावं? तू पुन्हा हरवलीस तर मी कुठे शोधू तुला?"

मी जिन्यावर बसले, ती पायरी कुरकुरली, आणि मी लोकर धरायला दोन्ही हात पुढे केले.