भिंतीपलीकडच्या ताई

इथले भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचते. खोलीत एकटीच असते, समोर बोलायला कुणी नसतं म्हणून. वाचून हसायचेही. गावाकडं कुणाला काही दिसलं-बिसलं की मी आधी विचारायचे, झोप नीट झाली होती का? त्यामुळं आज स्वतः लिहायला बसले तर अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते भर उजेडात झालं, आणि मी पूर्ण शुद्धीत होते.

मी मूळची वैजापूर तालुक्यातली, वय एकोणतीस, लग्न झालेलं नाही. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. बरीच वर्षं ठेकेदाराकडून काम केलं, मागच्या वर्षी कायम झाले. राहते हर्सूलला, एका घराच्या मागच्या खोलीत. घरमालकीण काकू वरच्या मजल्यावर. माझ्या खोलीला लागून आणखी एक खोली आहे. तिचं दार मागच्या गल्लीत उघडतं, एवढंच मला माहीत होतं. माझी बहुतेक दुसरी शिफ्ट. सकाळी काकूंच्या घरचे सगळे आपापल्या कामाला गेले की घरात मी एकटी. आईचा फोन आला की लग्नाचाच विषय, म्हणून तोही कमी केलेला. कधी कधी तर कंपनीत गेल्यावर दिवसातला पहिला शब्द तोंडातून निघायचा...

दिवाळीनंतर एका सकाळी पलीकडून बाईचा आवाज आला. फोनवर बोलत होती. आमच्याकडचंच बोलणं, वयानं माझ्यासारखीच वाटत होती. मला बरं वाटलं — चला, शेजारी कुणीतरी आलं.

मग ते रोजचंच झालं. मी भाजी चिरत असायचे आणि पलीकडं तिचा फोन चालू. खोटं कशाला बोलू, मी कान देऊन ऐकायचे. तिला छातीत गाठ लागली होती. दुखत नव्हती. ती कुठल्या तरी दवाखान्यात विचारत होती, की तिच्याकडच्या सरकारी योजनेच्या कार्डावर फुकट तपासणी होईल का. फोनवरचं माणूस काय म्हणायचं ते ऐकू यायचं नाही, पण तिच्या बोलण्यावरून कळायचं.

"म्हंजे ॲडमिट झाल्यावरच कार्ड चालतं व्हय? अन् काय झालंय ते बघायचं असलं तर?"

मग हळूच, "बरं. मग पुढच्या महिन्यात बघते."

पुढच्या महिन्यातही ती तेच म्हणाली. आवाज मात्र दमल्यासारखा झाला होता. मधेच खोकायची. मला रोज वाटायचं, जाऊन बोलावं. पण चोरून ऐकलेलं कसं बोलणार? आणि मी काय सांगणार होते? कायम झाल्यावर कंपनीचा विमा मला मिळाला होता, त्यात वर्षातून एकदा तपासणी फुकट, पुढच्या तपासण्यांचाही खर्च मिळतो. त्या विम्याचं ॲप मी एकदासुद्धा उघडलं नव्हतं. ठेकेदाराकडं असते तर मीही पुढच्या महिन्यावरच ढकललं असतं.

शेवटी एकदा राहवलं नाही. तिनं फोन ठेवला तसं मी भिंतीजवळ जाऊन म्हटलं, "ताई, माफ करा, मला सगळं ऐकू येतं. तुम्ही थांबू नका. घाटीत जाऊ आपण, सरकारी दवाखाना आहे. मी येते सोबत."

मला वाटलं, आता ही रागावणार. मग अगदी भिंतीला तोंड लावल्यासारखा आवाज आला, इतका जवळून की मी मागं सरकले.

"तुमी बघितलं का तुमचं?"

एवढंच.

मी तशीच पलंगावर बसले. मग बघितलं. डाव्या बाजूला, काखेच्या जरा अलीकडं, हरभऱ्याएवढं काहीतरी बोटाला लागलं. दुखत नव्हतं. त्या दिवशी मी कामावर गेले नाही.

विम्यावरच सोनोग्राफी झाली, मग सुई घालून तपासणी. रिपोर्ट घ्यायलाही एकटीच गेले. कॅन्सर होता, पण गाठ लहान होती, काखेत गेलेली नव्हती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तुमच्या वयाच्या मुली इतक्या लवकर येत नाहीत, तुम्हाला कुणी पाठवलं? मी म्हटलं, शेजारच्या ताईंनी.

तपासण्यांच्या त्या दिवसांत पलीकडून आवाज आला नव्हता. मला तिला सांगायचं होतं. रिपोर्ट घेऊन आले आणि घरी फोन करायच्या आधी भिंतीशी जाऊन हाक मारली. पुन्हा मारली. मग काकूंना विचारलं, शेजारच्या ताई कुठं गेल्या?

काकू माझ्याकडं बघतच राहिल्या. "कोण ताई? ती खोली कुणाला दिलीच नाय कधी."

त्यांनी किल्ली आणून कुलूप काढून दाखवलं. आत सिमेंटच्या गोण्या, गंजलेला कूलर, सगळ्यावर धुळीचा थर. जमिनीवर पावलाचा एक ठसा नाही.

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, गोळ्या चालू आहेत. भाऊ आणि आई येऊन राहून गेले. भाऊ म्हणतो, पाइपातून लांबचा आवाज येत असेल. असेल. पण मग तिनं माझं ऐकलं कसं? आणि ऐकलं असेल तर ती कुठंतरी आहे, नाही का?

बरं वाटल्यावर मी मागच्या गल्लीत घरोघरी फिरले. अशी अशी एक बाई आहे का, विचारलं. कुठंच नव्हती. कशाला शोधता म्हणून बायका विचारायच्या, तेव्हा मी खरं ते सांगायचे. आवाजाचं ऐकून त्या एकमेकींकडं बघायच्या. पण निघताना दोघी-तिघींनी मला दारामागं घेऊन हळूच विचारलं, गाठ दुखत नसली तरी दाखवायचं का? त्यांतल्या एकीसोबत मी घाटीत जाऊन आले. तिला काही निघालं नाही.

हे काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला असं काही माहीत असेल तर कळवा. भीती अशी वाटत नाही. सकाळी घर रिकामं झालं की मी अजूनही भिंतीजवळ बसून भाजी चिरते, आणि एकच विचार येतो — ती शेवटी गेली का दाखवायला?