अर्थांना लावलेला कडता

७ फेब्रुवारी १९३७, रविवार. रक्कम दहा आणे. नंदुरबारला आमच्या ओटीवर मी, माझी बायको, तिचे थोरले भाऊ आणि मला इंग्रजी शिकवणारे मास्तर, असे चौघे हजर होतो.

माझा धंदा मिरचीचा. रेल्वेची पत्रे इंग्रजीत येत, म्हणून बेचाळिसाव्या वर्षी मी शिकवणी लावली. मास्तर मुसलमान मोहल्ल्यातले, पेन्शन घेतलेले. महिन्याचा पगार मला परवडेना. शिकवलेल्या दर अर्थाला एक आणा, असा सौदा मी सुचवला. ते हसले, पण हो म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी 'पुट अप' घेतले. हात वर करणे, भाव चढवणे, शेड उभारणे, भिंतीवर नोटीस लावणे. सुरतेला धर्मशाळेत उतरणे, आणि कुणाला आपल्या घरी उतरवून घेणे. माल लिलावात काढणे, धंद्यात पैसा घालणे, निवडणुकीला माणूस उभा करणे. पुढे 'विथ' जोडले तर निमूट सोसणे. दहा झाले.

मेहुणे म्हणाले, "दाजी, मिरचीले वल ऱ्हास, तशी इंग्रजीलेबी वल शे का?"

ओल्या मिरचीच्या वजनात आम्ही कडता कापतो. तोच हात इथे चालला. मी म्हणालो, "हात, भाव, शेड, नोटीस, सगळे वरच जाते. तो एक अर्थ. उतरणे-उतरवणे हाही एकच. चार वजा."

बायको म्हणाली, "मिरचीना भाव वाढना म्हंजे तुमी हात वर करतस का?"

मेहुणे खदखदून हसले. मी सहा आणे पुढे ठेवले.

"शेठ, मी अर्थ वाढवून सांगितले, असे तुमचे म्हणणे आहे का?"

"हिशोब आहे, मास्तर."

ते सहा आणे घेऊन गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी मी एकटाच त्यांच्या घरी गेलो आणि अख्खा रुपया काढला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"इतकी वर्षे शिकवले. मापात खोट आहे असे कुणी म्हटले नाही. चौघांत कापलेत, चौघांतच द्या. का देता तेही तिथेच सांगा."

मेहुणे खांडबाऱ्याचे. त्यांना निरोप धाडला आणि आम्ही चौघे पुन्हा ओटीवर बसलो. मास्तरांवर मी खोटा आळ घेतला, एवढेच बोलायचे होते. मी म्हणालो, "त्या दिवशी माझी बेरीज चुकली."

"तुमनी बेरीज?" मेहुणे म्हणाले. "आजलोंग ते दखी नही."

बायकोने मान खाली घातली. मी आणखी काही बोलेन म्हणून मास्तर माझ्याकडे बघत होते. मी चार आणे मोजून काढले. मग त्यांनी हात पुढे केला. चार आणे, रोख, मास्तरांना.